संगीताचीं मासिकें आणि त्यांचा वाचक

एखादें संगीतविषयक मासिक आपण हातांत घेतों तें गाण्याबद्दल कांहीं कळावें म्हणून. गायकाची, वादकाची, नव्या ध्वनिमुद्रिकेची माहिती त्यांत मिळते हें खरें. परंतु त्याच पानांतून आणखी एक गोष्ट नकळत आपल्या मनांत उतरत असते. हें संगीत कोणाचें, तें ऐकणाऱ्याचें वय काय, त्याच्या खिशांत पैसे किती, आणि तो पुरुष आहे कीं स्त्री, याचें एक चित्र मासिक आपल्यापुढें ठेवीत असतें. हें चित्र कसें तयार होतें आणि त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठीं मी इंग्लंड व अमेरिका या देशांतील पॉप आणि रॉक संगीताचीं नियतकालिकें घेतलीं आहेत. कारण तेथें हा धंदा फार वाढला आणि त्याचे बरेवाईट परिणामही स्पष्ट दिसून आले.

प्रथम या धंद्याचें गणित पाहूं. अशा नियतकालिकास उत्पन्न दोन वाटांनीं येतें. अंकाच्या विक्रीतून आणि जाहिरातींतून. जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, “आपला वाचक कोण?” वाचक विद्यार्थी आहे कीं पगारदार गृहस्थ, मुलगा आहे कीं मुलगी, यावरून गिटारची जाहिरात द्यावयाची कीं मोटारीची, कीं चेहऱ्याला लावावयाच्या पावडरीची, हें ठरतें. म्हणून संपादकास एक विशिष्ट वाचक मनाशीं कल्पावा लागतो, आणि मग मुखपृष्ठापासून वाचकांच्या पत्रांपर्यंत सारा अंक त्या कल्पित वाचकास उद्देशून सजविला जातो.

हा कल्पित वाचक काळाप्रमाणें बदलत गेला. लंडनमध्यें १९२६ सालीं निघालेलें ‘मेलडी मेकर’ हें प्रारंभीं नृत्यसंगीत वाजविणाऱ्या धंदेवाईक वादकांचें पत्र होतें. पुढें १९५२ सालीं ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ हें साप्ताहिक निघालें, आणि त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरच्या अंकांत त्यानें सर्वांत अधिक खपणाऱ्या गाण्यांची यादी छापली. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवरून केलेली इंग्लंडांतील ती पहिली यादी होय. वाजविणाऱ्याच्या शेजारीं विकत घेणारा येऊन बसला तो असा.

वयाचा प्रश्न घेऊं. १९७८ सालीं निक लोगन यांनीं ‘स्मॅश हिट्स’ सुरू केलें. गाण्यांचे शब्द, रंगीत चित्रें आणि मिस्किल मुलाखती असा त्याचा थाट. वाचक शाळकरी वयाचे, आणि त्यांत मुली पुष्कळ. १९८६ सालीं ‘क्यू’ हें मासिक निघालें. कॉम्पॅक्ट डिस्क नुकतीच बाजारांत आली होती, आणि तरुणपणीं घेतलेल्या तबकड्या नव्या रूपांत पुन्हां विकत घेण्याइतका पैसा हातीं असलेला प्रौढ पुरुष हा ‘क्यू’चा वाचक. गंमत अशी कीं, तें काढणारे मार्क एलन व डेव्हिड हेपवर्थ हे दोघेही पूर्वीं ‘स्मॅश हिट्स’चेच संपादक होते. लेखक तेच, परंतु वाचक बदलला म्हणून भाषा बदलली. १९९३ सालीं आलेल्या ‘मोजो’नें तर पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर जॉन लेनन व बॉब डिलन यांना बसविलें. त्यांपैकीं लेनन १९८० सालींच निवर्तलेले आणि डिलन पन्नाशी ओलांडलेले. तारुण्याचें म्हणून गाजलेलें संगीत अशा रीतीनें प्रौढांचा ठेवा बनलें.

वर्गाचें चित्रण याहून गुंतागुंतीचें आहे. १९७६ सालीं पंक नांवाचें बंडखोर संगीत पुढें आलें, तेव्हां ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’नें तरुण लेखकांसाठीं जाहिरात दिली आणि मद्याच्या कारखान्यांत काम करणारे टोनी पार्सन्स व अवघ्या सतरा वर्षांच्या ज्यूली बर्चिल यांना घेतलें. दोघेही कामकरी घरांतले. त्या वर्गास येथें प्रत्यक्ष लेखणी मिळाली. परंतु १९९५ च्या ऑगस्टमध्यें ओअ‍ॅसिस व ब्लर या दोन वाद्यवृंदांचीं गाणीं एकाच दिवशीं निघालीं, तेव्हां याच पत्रानें मुखपृष्ठावर तो सामना मुष्टियुद्धाच्या जाहिरातीसारखा रंगविला. एका बाजूस मँचेस्टरचे कामकरी, दुसऱ्या बाजूस दक्षिणेकडील शिकलेले मध्यमवर्गीय. ब्लरच्या सुमारें २,७४,००० प्रती खपल्या, ओअ‍ॅसिसच्या २,१६,०००. या साऱ्या धामधुमींत वर्ग म्हणजे बोलण्याची ढब, अंगावरचा कोट आणि मर्दानी ऐट एवढेंच उरलें. कामकरी माणसाच्या मजुरीचा किंवा बेकारीचा प्रश्न बाजूस राहिला, आणि कामकरी स्त्रीला तर त्या चित्रांत जागाच नव्हती.

येथें आपण मुख्य प्रश्नाशीं येतों. मुलगा ध्वनिमुद्रिका जमवितो, तारखा पाठ करतो, त्यास जाणकारी म्हणतात. मुलगी भिंतीवर चित्र लावते आणि मैत्रिणींसह गाणीं घोकते, त्यास वेड म्हणतात. आपल्याकडेही ‘दर्दी’ म्हटला कीं डोळ्यांपुढें पुरुषच उभा राहतो. १९७६ सालीं अँजेला मॅक्रॉबी व जेनी गार्बर या अभ्यासिकांनीं दाखवून दिलें कीं, तरुणांच्या चालीरीतींचे संशोधक रस्त्यावरचीं पोरें पाहत होते. मुलींचें संगीतजीवन मात्र घरांतल्या खोलींत चाले, कारण त्यांच्या हातीं पैसा कमी आणि बाहेर वावरण्याची मोकळीक त्याहून कमी. पाहणारा जेथें गेलाच नाहीं, तेथें कांहीं नाहीं असें त्यानें ठरविलें. मुलींच्या या वाचनास हिणविणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, १९८७ सालीं पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनाही ‘स्मॅश हिट्स’ला मुलाखत द्यावीशी वाटली. स्त्री स्वतः कलावंत असली तरी चित्र फारसें बदलत नसे. १९९४ सालीं ‘क्यू’नें पी. जे. हार्वी, ब्यर्क व टोरी एमॉस यांना एकत्र मुखपृष्ठावर आणलें, आणि मथळ्यांत त्यांच्या शरीराचे अवयव मोजले.

हें केवळ चित्रच आहे, त्यानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. त्यास एक उदाहरण पुरे. १९६७ सालीं ‘रोलिंग स्टोन’ स्थापन करणारे यान वेनर यांनीं २०२३ मध्यें रॉक संगीतांतील सात थोरांच्या मुलाखतींचें पुस्तक काढलें. सातही गोरे पुरुष. कारण विचारतां, स्त्रिया त्या बौद्धिक पातळीवर बोलूं शकत नाहींत अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. आणि रॉक संगीताचा सन्मान करणाऱ्या संस्थेच्या मंडळावरून त्यांना दूर व्हावें लागलें. वस्तुतः एलेन विलिस ही लेखिका ‘न्यूयॉर्कर’मध्यें १९६८ पासूनच रॉक संगीतावर मर्मज्ञ टीका लिहीत होती. स्त्रियांची वाणी होती. ती ऐकण्याची संवय त्या पानांनीं लावलेली नव्हती. पन्नास वर्षें जें चित्र छापलें, तेंच छापणाऱ्याला सत्य वाटूं लागलें.

यांपैकीं बरींच पत्रें आज राहिलेलीं नाहींत. ‘स्मॅश हिट्स’ २००६ सालीं आणि ‘क्यू’ २०२० सालीं बंद पडलें; ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’चा साप्ताहिक छापील अंक २०१८ सालीं थांबला. त्यांनीं लावलेली दृष्टि मात्र मागें उरली आहे. म्हणून यापुढें संगीताविषयीं कांहीं वाचतांना आपण एवढेंच पाहावें, कीं येथें जाणकार म्हणून कोणाला बसविलें आहे आणि वेडा म्हणून कोणाला हंसलें आहे. आणि घरांतली मुलगी एकच गाणें दहाव्यांदा लावूं लागली, तर तें बंद कर म्हणण्यापूर्वीं तिला त्यांत काय ऐकूं येतें, तें एकदां विचारून पाहावें.