विंचू आंधळा नसतो

‘विंचू आंधळा असतो, म्हणूनच समोर येईल त्याला नांगी मारतो.’ खेड्यात, शहरात, चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडूनही हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. हे सपशेल चूक आहे.

मेलेला विंचू चिमट्यात धरून भिंगाखाली पाहा. पाठीवरच्या पुढच्या ढालीवर, मधोमध, खसखशीहून बारीक असे दोन काळे चकचकीत ठिपके दिसतील. हे मधले डोळे. ढालीच्या पुढच्या कोपऱ्यांत त्याहून बारीक डोळ्यांची ओळ असते. बहुतेक जातींत एकेका बाजूला दोन ते पाच. गुहांतल्या काही जातींचे डोळे नाहीसे झालेत, पण तो अपवाद. डोळ्यावरचं भिंग म्हणजे अंगावरचंच कवच, तिथे पारदर्शक झालेलं. विंचू कात टाकतो तेव्हा जुनं भिंगही कातीबरोबर निघून जातं.

डोळे नुसते नावाला आहेत का? नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्लाइसनर यांनी १९७०च्या दशकात उत्तर आफ्रिकेतल्या अँड्रोक्टोनस विंचवावर प्रयोग केले. मधल्या डोळ्यांतलं रंगद्रव्य दिवसा प्रकाशाच्या आड येतं, रात्री बाजूला सरतं आणि डोळा प्रकाशाला कितीतरी पट संवेदनशील होतो. कडेचे डोळे अगदी मंद उजेडही टिपतात आणि शरीरातलं घड्याळ दिवस-रात्रीशी जुळवून ठेवतात.

मग हा गैरसमज आला कुठून? शिकारीच्या वेळी विंचू डोळ्यांवर विसंबत नाही. वाळवंटी विंचू पायांना जाणवणाऱ्या वाळूच्या कंपनांवरून किडा नेमका गाठतो, हे संशोधक ब्राउनेल यांनी १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं. पण अंधारात दाराची कडी चाचपून काढणाऱ्याला आपण आंधळा म्हणतो का?

आणखी काही गैरसमज:

‘विंचवाचे साधे, एकेका भिंगाचे डोळे म्हणजे मागासलेले डोळे.’ उलट आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रोस्कॉर्पियस विंचवाला कडेला संयुक्त, म्हणजे अनेक भिंगांचे डोळे होते. आजचे साधे डोळे त्यानंतरचे.

‘हॉर्सशू क्रॅब हा खेकडा.’ तो विंचू-कोळ्यांच्या गोतातला. ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतो आणि त्याचे संयुक्त डोळे अजून शाबूत आहेत.

‘अल्ट्राव्हायोलेट दिव्यात विंचवाचे डोळे चमकतात.’ चमकतं ते कवच.

विंचू माणसाला नांगी मारतो ती बचावासाठी, दबला किंवा डिवचला गेला की. उजेड त्याला कळतो आणि तो उजेड टाळतो. सरपणात, दगडाखाली, कोपऱ्यातल्या बुटात तो चुकून शिरत नाही, अंधार ओळखून शिरतो. म्हणून बूट घालण्याआधी झटका, आणि सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा.