बेरीज करणारी चाकं

तुकोबांची पालखी ज्या सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला मुक्कामाला येते, त्याच रस्त्यावर हंगामात उसानं लदलेले ट्रॅक्टर दिसतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, वाढ्यांचे शेंडे दोन्ही अंगांना लोंबताहेत, आणि अधूनमधून त्यांच्याच मागे एखादी उसाची बैलगाडी. हायवे सोडून आत वळताना ट्रॅक्टर आणि बैलगाडी दोघांपुढेही एकच अडचण असते. वळणाच्या बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर एक पूर्ण गोल वळसा घेताना बाहेरचं चाक जवळपास साडेनऊ मीटर जास्त चालतं. आणि गंमत अशी की वळसा अंगणाएवढा असो की गावाएवढा, हा फरक तेवढाच राहतो.

बैलगाडीला हे आपोआप जमतं. तिचा आख जागचा हलत नाही. दोन्ही चाकं त्याच्यावर वंगणात आपापली फिरतात. ओढणारे बैल आहेत, चाकांना कुणी फिरवत नाही. ट्रॅक्टरचं तसं नाही. तिथं इंजिनच चाकं फिरवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की केली, तर वळताना एक चाक जमिनीवर घासत जाईल, टायर झिजेल आणि ट्रॅक्टर सरळच पळायला बघेल. म्हणजे एकाच इंजिननं दोन्ही चाकांना ताकद द्यायची, पण वेग किती ठेवायचा ते मात्र चाकांवर सोडायचं. ओनेसिफोर पेक्युअर नावाच्या फ्रेंच माणसानं वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली आणि १८२८ साली तिचं पेटंट घेतलं. तिला आपण डिफरन्शिअल म्हणतो.

ट्रॅक्टरमध्ये ते मागच्या बाजूला बिडाच्या जाड कवचात, तेलात बुडालेलं असतं. ज्याचा ट्रॅक्टर त्यावर वीस वर्षं चालतो, त्यानंही ते डोळ्यांनी पाहिलेलं असेलच असं नाही. पाहायचं असेल तर फिटरनं मागचा भाग उतरवला, त्या दिवशी गॅरेजमध्ये हजर राहायला हवं. दुसरी वाट सोपी आहे. लेगो टेक्निकचं, म्हणजे विटांच्या खेळातल्या यंत्रवाल्या शाखेचं, एखादं चारचाकी मॉडेल हातात घेऊन उलटं करायचं.

ही शाखा १९७७ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या मोटारीच्या सांगाड्यात स्टिअरिंग वळायचं, गिअर बदलायचे, पिस्टन वर-खाली व्हायचे. १९८० साली आलेल्या ८८६० क्रमांकाच्या सांगाड्यात पहिल्यांदा डिफरन्शिअल आलं. त्याचं आजचं रूप मुठीएवढंही नाही: बाहेर २८ दात्यांचं चाक, त्याला जोडलेला उघडा पिंजरा, आणि पिंजऱ्यात १२ दात्यांची तीन तिरकी चाकं. दोन चाकं डाव्या-उजव्या दांड्यांवर, समोरासमोर. तिसरं त्यांच्या मधे, दोघांनाही दात भिडवून. हे तिसरं चाक दांड्यांवर नसतं, पिंजऱ्याच्या भिंतीवर बसलेलं असतं. सगळी करामत त्याचीच.

इंजिन पिंजरा फिरवतं. पिंजऱ्याबरोबर मधलं चाक ओढलं जातं आणि त्याचे दात दोन्ही बाजूच्या चाकांना सारखंच रेटतात. तराजूची दांडी मधोमध धरून वर उचलावी तसं. दोन्ही पारडी समतोल असतील तर दांडी आडवीच वर जाते. एक पारडं मागे राहिलं तर दुसरं तेवढंच पुढे जातं, पण हाताची उंची मात्र दोघांच्या बरोबर मधेच असते. पिंजऱ्याचा वेग नेहमी दोन चाकांच्या वेगांची सरासरी असतो. यात सूट नाही, अपवाद नाही.

हे वाचून पटतं. बोटांना कळतं तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. मॉडेल उलटं धरून इंजिनाचा दांडा फिरवा. दोन्ही चाकं एका वेगानं फिरतात. आता डावं चाक चिमटीत धरा. उजवं त्याच क्षणी दुप्पट वेगानं पळू लागतं, कारण शून्याची आणि दुपटीची सरासरी एक. आता उलट करा: पिंजरा घट्ट धरा आणि डावं चाक पुढे फिरवा. उजवं मागे फिरतं, तितकंच. आत मधलं चाक आता गोल फेऱ्या घेत नाही, जागेवरच गरगरतंय, आणि ते पिंजऱ्याच्या फटीतून स्पष्ट दिसतं. ट्रॅक्टरच्या आतही नेमकं हेच घडतं. मॉडेल त्याची नक्कल करत नाही. ते तेच यंत्र आहे, फक्त प्लॅस्टिकचं आणि उघडं. मला या खेळाबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

या सरासरीला एक दुखरी बाजू आहे आणि ती ऊस ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रानात ओल असली की एक चाक चिखलात जागेवरच फिरत राहतं आणि दुसरं, चांगल्या कोरड्या जमिनीवर असूनही, ढिम्म हलत नाही. कारण मधलं चाक दोन्हीकडे सारखाच रेटा देतं. चिखलातलं चाक काही विरोधच करत नाही, म्हणून त्याच्याकडे जाणारा रेटा नाममात्र. मग दुसऱ्याकडेही तेवढाच नाममात्र. यावर उपाय म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शिअल लॉकचं पेडल असतं. ते दाबलं की दोन दांडे एकमेकांना बांधले जातात आणि सरासरी संपते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेकही वेगळे असतात, तेही इथं कामी येतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबला की ते विरोध करू लागतं आणि रेटा पलीकडे पोचतो. मॉडेलमधलं चाक चिमटीत धरणं म्हणजे तोच एका बाजूचा ब्रेक.

पण प्लॅस्टिकची चाकं इतकी चोख चालतात कशी? उत्तर मोजमापात आहे. या विटांवरच्या दोन बोंडांमधलं अंतर ८ मिलिमीटर. टेक्निकच्या पट्ट्यांवरच्या भोकांमधलं अंतरही ८ मिलिमीटर. आणि गिअरच्या प्रत्येक दातामागे चाकाचा व्यास १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे ८ दात्यांच्या चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटर, २४ दात्यांच्या चाकाची १२. दोन्ही मिळून १६, म्हणजे बरोबर दोन भोकं. १२ आणि २० दात्यांची जोडी घ्या: ६ आणि १०, पुन्हा १६. आठ आणि चाळीस: ४ आणि २०, मिळून २४, म्हणजे तीन भोकं. नियम सुटसुटीत आहे: दोन चाकांच्या दातांची बेरीज १६ नं भागली जात असेल, तर ती दोन्ही पट्टीवर दात न घासता, फट न ठेवता भेटतात. ज्यानं हे ठरवलं त्यानं पुढच्या हजारो बांधणाऱ्यांचा हिशोब आधीच करून ठेवला. १९५८ च्या जानेवारीत पेटंट घेतलेल्या विटांचं ८ मिलिमीटरचं माप आजही बदललेलं नाही.

भोकांची ही जाळी चौकोनी असली तरी तिरकं बांधता येतं. एका बाजूला तीन घरं, काटकोनात चार, की कर्ण पाच घरांचा. हे गवंडी सुद्धा करतो. भिंत गुण्यात आहे का ते दोरीनं ३, ४, ५ मोजून बघतो. फक्त पट्टीवर भोकं मोजताना एक जास्त धरावं लागतं: तीन घरं म्हणजे चार भोकं. आणि चौकट कितीही घट्ट जोडली तरी ती कोपऱ्यातून लचकते. त्रिकोण लचकत नाही. टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात काम केलेल्या अरविंद गुप्तांनी १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना हेच दाखवलं. महागड्या मॉडेलच्या पोटात जे तिरके आधार दिसतात, ते याच नियमाचे.

यंत्राला नाही म्हणता यावं, याचीही सोय असते. रोटाव्हेटर दगडाला अडकला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. टेक्निकमध्ये २४ दात्यांचं एक खास चाक आहे, त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटीमीटर असा आकडाच छापलेला असतो. त्याहून जास्त जोर आला की चाकाचा मधला भाग आतल्या आत घसरतो. क्रेनचा हात शेवटाला पोचला आणि मोटर चालूच राहिली, तरी काही तुटत नाही; नुसता टकटक आवाज येतो. बोल्ट बदलायलाही नको.

ताकद एकत्र करायची असेल तर डिफरन्शिअल लागत नाही. अनेक मोटरी एकाच दांड्याला जुंपल्या की वेग तोच राहतो, जोर वाढतो. २०१८ मध्ये लेगोच्या लोकांनी चेक प्रजासत्ताकात पूर्ण आकाराची बुगाटी शिरॉन बांधली. दहा लाखांहून जास्त टेक्निक तुकडे, दीड टन वजन, आणि आत २,३०४ खेळण्यातल्या मोटरी. सगळ्यांची ताकद मिळून अंदाजे ५.३ अश्वशक्ती. जर्मनीतल्या चाचणीच्या ट्रॅकवर अँडी वॉलेस या शर्यतीतल्या चालकानं ती ताशी २० किलोमीटरच्या वर पळवली. डिफरन्शिअल याच्या नेमकं उलट वागतं. एका दांड्यावर वेग सारखा आणि जोरांची बेरीज. डिफरन्शिअलमध्ये जोर सारखा आणि वेगांची बेरीज. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं, तेव्हा ट्रॅक्टरचा तो बिडाचा गोळा माझ्या डोळ्यांपुढे एकदम वेगळाच झाला.

कारण वेगांची बेरीज म्हणजे आकड्यांची बेरीज. डावं चाक तीन फेऱ्या फिरवा, उजवं पाच. पिंजरा चार फिरेल. पिंजऱ्यापुढे दुप्पट करणारी एक जोडी लावा, १६ दात्यांवरून ८ दात्यांवर, की उत्तर आठ. एक चाक उलटं फिरवा, वजाबाकी झाली. हे कळलेल्या लोकांनी गणकयंत्रं बांधली. मँचेस्टरला १९३४ मध्ये डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या आणि पितळी चाकं जोडून कलनाची अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं. मेकॅनो तेव्हा मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात मिळत होतं. त्या यंत्रात बेरजेचं काम डिफरन्शिअलकडेच होतं.

विटांच्या खेळात ही कल्पना जिथवर पोचली, ते ठिकाण मला सगळ्यात थक्क करतं. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून विसाव्या शतकाच्या आरंभी गंजलेल्या कांस्य चाकांचा एक गठ्ठा वर आला. दोन हजार वर्षांहून जुनं ते यंत्र ग्रहणं कधी येणार हे सांगत असे. त्याचा पाया म्हणजे २२३ चांद्रमासांचं चक्र: इतक्या अमावास्या उलटल्या की, १८ वर्षं आणि सुमारे ११ दिवसांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा सुरू होतो. मूळ यंत्रात म्हणून २२३ दात्यांचं चाकच होतं. २०१० मध्ये अँड्र्यू कॅरल या अमेरिकन अभियंत्यानं हे यंत्र टेक्निकच्या सुमारे दीड हजार तुकड्यांत आणि ११० गिअरांत बांधायला घेतलं.

आणि इथं गणित आडवं आलं. लेगोत २२३ दात्यांचं चाक नाही. नेहमीची चाकं ८, १२, १६, २०, २४, २८, ३६ आणि ४० दात्यांची. म्हणजे त्यांच्या जोड्यांमधून २, ३, ५ आणि ७ यांच्या गुणाकारानं बनणारी गुणोत्तरंच निघतात. २२३ ही मूळसंख्या. तिला कशानं भाग जात नाही, म्हणून कितीही चाकं एकामागून एक लावली तरी ती हाती येत नाही. गुणाकाराला जे जमत नाही ते बेरजेला जमतं. २८ गुणिले ८ म्हणजे २२४. एका बाजूनं २२४ येऊ द्या, दुसऱ्या बाजूनं १ उलटा येऊ द्या, मधे डिफरन्शिअल ठेवा, पुढे तीच दुप्पट करणारी जोडी: २२३. तसंच १९ हवे असतील तर २० मधून १ काढा, १२७ हवे असतील तर १२८ मधून. कॅरलच्या यंत्रातही अशाच अडचणीच्या जागी डिफरन्शिअलं बसवलेली आहेत.

ग्रहणाची वेळ आपण पंचांगात बघतो. दाते पंचांग सुरुवातीच्या त्या सोलापूर रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, सोलापुरात तयार होतं. कॅरलच्या यंत्रानं ८ एप्रिल २०२४ ला सूर्यग्रहण दाखवलं होतं. त्या दिवशी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या आकाशात खग्रास सूर्यग्रहण झालं.