हातमोजा आणि हॉटेलातले वादक

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधील आपल्या घरातून मोटार घेऊन निघाल्या. सकाळी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ मोटार सापडली. आत फरचा कोट होता, बाई बेपत्ता!

पोलीस रान आणि तळी धुंडाळत असताना दोन हौशी गुप्तहेरही तपासाला लागले, आणि तेही रहस्यकथालेखकच. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल तेव्हा ६७ वर्षांचे होते. होम्स सिगारेटच्या राखेवरून माणूस ओळखणारा. त्याच्या जनकाने मात्र बाईंचा हातमोजा मिळवून होरेस लीफ या अतींद्रिय शक्तीच्या जाणकाराकडे नेला! वस्तू हातात धरली की तिच्या मालकाचा ठाव कळतो, ही डॉइल यांची श्रद्धा. आमच्याकडे म्हैस चुकली की लोक देवऋषीकडे जातात. त्यामुळे मला तरी हे वाचून हसू आले नाही. बाई जिवंत आहेत, हे लीफचे म्हणणे खरे ठरले. पत्ता मात्र लागला नाही.

३३ वर्षांच्या डोरोथी सेयर्स यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. माझ्या मते पद्धत हीच बरी, पण त्यांच्याही हाती काही लागले नाही.

१४ डिसेंबरला बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. त्यांना ओळखले तेथल्या वाद्यवृंदातील वादकांनी. रोज संध्याकाळी समोरचे चेहरे पाहत वाजवणारी ही माणसे. पोलिसांना वर्दी त्यांनीच दिली. हॉटेलच्या वहीत बाईंनी आडनाव लिहिले होते ‘नील’. पतीचे मन जिच्यावर जडले होते, त्या तरुणीचे आडनावही हेच.