सेवा-क्लबांची ओळख आणि बेळ्ळंदूरचा तलाव

सेवा-क्लब म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतील व्यक्तींनी परस्परस्नेह आणि समाजकार्य यांसाठी उभारलेली स्वयंसेवी संघटना होय. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी स्थापन केलेली रोटरी आणि १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली लायन्स ही तिची परिचित उदाहरणे असली, तरी पुष्कळ नागरिकांना त्यांची ओळख नामफलकापुरतीच असते. ही ओळख प्रत्यक्ष कार्याशी जोडणे म्हणजे संस्थेची ‘जनप्रतिमा’ घडविणे.

रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस मोहीम हाती घेतली, तिच्या सभासदांनी लसीकरणास हातभार लावला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. एका निश्चित कार्याला दीर्घकाळ वाहून घेतल्यानेच संस्थेचे नाव घरोघरी पोहोचते, हे त्यातून दिसते.

बंगळूरुच्या बेळ्ळंदूरमध्ये सेवा-क्लबांसाठी असे कार्य समोरच आहे. तेथील सुमारे ९०० एकरांचा तलाव सांडपाण्याने फेसाळला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यावर आगही भडकली. नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांसह देशभरातील लोक जेथे शेजारी झाले आहेत, तेथे तलावाचे काम हाती घेणाऱ्या क्लबाने सत्कारसमारंभांच्या छायाचित्रांपेक्षा तलावाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष आणि खर्चाचा हिशेब कन्नडसह रहिवाशांच्या भाषांतून मांडावा. कारण कीर्ती जाहिरातीने पसरत असली, तरी विश्वास सातत्यपूर्ण सेवेनेच रुजतो.