बोटांखालच्या कळा

हल्ली फोन म्हटला, की तळहाताएवढी एक गुळगुळीत काच डोळ्यांसमोर येते. तिच्यावर ना उंचवटा, ना खाच. अक्षरे काचेच्या आत दिसतात आणि बोट टेकले न टेकले तोच उमटतात. तरुण मंडळींना यात काही वावगे वाटत नाही. परंतु ज्यांच्या बोटांना कंप आहे, किंवा ज्यांनी उभे आयुष्य टंकलेखन यंत्रापुढे काढले आहे, त्यांना विचारून पाहावे. काचेला नुसता स्पर्श पुरतो, आणि थरथरत्या बोटाचा स्पर्श एका जागी एकदाच होत नाही. 'नमस्कार' लिहावयास जावे आणि 'ननममस' असे काहीतरी उमटावे, हा मग नित्याचा प्रकार होऊन बसतो.

आमच्या मामांची अवस्था नेमकी हीच झाली होती. इंदूरच्या एका कचेरीत त्यांनी सारी नोकरी देवनागरी टंकलेखनात काढली. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, बेळगावला दिलेल्या. तेथे त्यांनी पुष्कळ वर्षे शाळेत मराठी शिकविले. या बहीणभावांचा पत्रव्यवहार आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मामांचे हात कापू लागले आणि लेखणी सुटली. फोनवर बोलावे, तर मावशींना आता जवळजवळ ऐकूच येत नाही. तेव्हा लिहिणे थांबले म्हणजे दोघांमधले सारेच थांबले, अशी वेळ आली होती. म्हणूनच सिंगापुरास असलेल्या आमच्या मामेभावाने मागील सुटीत येताना कळांचा एक फोन आणला, तेव्हा घरातल्या सर्वांच्या नजरा त्या लहानशा डबीवर खिळल्या.

कळांचे फोन काही नवे नव्हेत. कॅनडातील वॉटर्लू गावच्या कंपनीने 1999 साली ब्लॅकबेरी या नावाने असे यंत्र बाजारात आणले आणि पुढे कित्येक वर्षे मोठमोठे साहेब लोक अंगठ्यांनी त्यावर पत्रे बडवीत होते. आपल्याकडेही 2008 च्या सुमारास नोकियाचे ई-71 व ई-63 हे फोन पुष्कळांच्या खिशात दिसत. नंतर काचेचे युग आले. जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा 4 जानेवारी 2022 रोजी कायमची बंद झाली. तथापि कळांचे चाहते हट्टी असतात. शांघायच्या युनिहर्ट्झ या कंपनीने 2019 साली लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन 'टायटन' नावाचा कळांचा फोन काढला. त्याचे वजन सुमारे 300 ग्रॅम, म्हणजे खिशात ठेवला तर सदरा एका बाजूस ओढला जावा! 2021 साली त्याचे धाकटे भावंड 'टायटन पॉकेट' आले. त्याचा पडदा चौरस, अवघा 3.1 इंचांचा. उंची फोनांच्या मानाने हे स्वस्त. मामांचा फोन याच जातकुळीतला आहे. तो कोणत्या कंपनीचा, हे सांगण्याचे येथे कारण नाही.

परदेशातून असा फोन मागविणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. आपल्याकडील जिओची सेवा केवळ चौथ्या व पाचव्या पिढीची आहे. तिच्या चौथ्या पिढीसाठी 3, 5 व 40 या क्रमांकांचे पट्टे फोनात असावे लागतात. शिवाय त्याच जाळ्यावरून बोलण्याची सोय, जिला व्होल्टी म्हणतात, तीही असावी लागते. नाहीतर फोन नुसता शोभेचा. फोनचा पंधरा अंकी क्रमांक *#06# दाबल्यास दिसतो, आणि तो केवायएम या अक्षरांपुढे लिहून 14422 वर संदेश पाठविला की त्या यंत्राची नोंद तपासता येते. दुरुस्तीचे दुकान मात्र गावात मिळेल अशी आशा धरू नये. चौरस पडद्याचाही त्रास आहे. बँकांचे व तिकिटांचे कार्यक्रम उभट पडद्यासाठी रचलेले असल्यामुळे खालचे बटण दृष्टीआड राहते. असल्या कामांसाठी मामी आपला जुना काचेचा फोनच वापरतात.

परंतु कळा! मामांनी पहिल्या दिवशी फोन उघडला नाही, चालूही केला नाही. नुसती कळांवरून बोटे फिरविली. कळ दाबली की ती किंचित खाली जाते, बोटाला तसे समजते, आणि दाबल्याखेरीज अक्षर उमटत नाही. बोट कळेवर टेकवून, कंप जरा ओसरू देऊन मग दाबता येते. काचेवर हा विसावा मिळत नाही. मोठे अक्षर हवे असेल तर आधी एक कळ, मग दुसरी. दोन्ही एकदम धरून ठेवण्याची गरज नाही. दोन दिवसांत मामा इंग्रजीत बिनचूक लिहू लागले.

अडचण पुढे आली. कळांवर कोरलेली अक्षरे सारी रोमन. गंमत अशी, की भारतात खपलेल्या नोकियाच्या साध्या, बारा कळांच्या फोनांवर देवनागरी अक्षरे छापलेली असत. या आयात यंत्रावर मात्र 'क'सुद्धा नाही. मग नातवंडे लिहितात तसे रोमन लिपीत मराठी लिहावे काय? मामांनी तसे एक पत्र पाठविले. मावशींना ते वाचवेना. 'बी-ए-एल' म्हणजे बाळ, बाल, की बळ? 'व्ही-ई-एल' म्हणजे वेळ की वेल? आमच्याकडे हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. बेळगावच्या कानडीत 'ळ' आहे, वडोदऱ्याच्या गुजरातीतही आहे. परंतु येथे मुले शाळेत जी हिंदी शिकतात तिच्यात तो नाही. आमच्या घरची धाकटी पिढी 'शाळा'ला 'शाला' म्हणू लागली आहेच. आजोबांनीही तसेच लिहिले तर तिला टोकणार कोण?

सरकारी कळफलकाचा विचार झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 साली इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरविली. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मांडणी मोठी शहाणपणाची. पण ती संगणकाच्या रुंद कळफलकासाठी आहे. तेथे च, ट, ड आणि य ही व्यंजने रोमन अक्षरांच्या कळांवर नसून विरामचिन्हांच्या व कंसांच्या कळांवर बसविली आहेत. फोनवर या कळा स्वतंत्र नाहीतच. 'य' नाही म्हणजे 'ये', 'या', 'यावे' काहीच नाही. ज्या मामांनी चाळीसहून अधिक कळांच्या यंत्रावर जोडाक्षरे लीलया जुळविली, त्यांच्यापुढे सव्वीस कळा आल्या होत्या.

मामेभावाने बराच शोध केला. रोमन कळांतून देवनागरी उमटविणारे कार्यक्रम अनेक आहेत, परंतु पुष्कळसे काचेवरच्या कळफलकासाठीच केलेले. खऱ्या कळांशी सगळेच जुळवून घेत नाहीत. अखेर एक जुळला. त्यात लहान 'एल' दाबला की ल, मोठा दाबला की ळ. तसेच न आणि ण, त आणि ट. मामींनी या तीन कळांवर नखांना लावावयाच्या लाल रंगाचे ठिपके दिले, म्हणजे मोठे अक्षर कोठे लागते याची आठवण राहावी.

अकरा ओळींचे पत्र लिहावयास मामांना पाऊण तास लागला. कोणी मदतीस येऊ नये म्हणून दार लोटून घेतले होते. मावशी फोनवर अक्षरे मोठी करून वाचतात. त्यांचे उत्तर मात्र टपालाने आले. खुशाली, बेळगावचा पाऊस, नातीचे लग्न, आणि शेवटी समासात आडव्या ओळीत लिहिले होते, की दादा, 'ळ' सगळे बरोबर आले, पण 'पाणी' दोन ठिकाणी 'पानी' झाले आहे, तेवढे पाहावे.

मामांनी मामींकडून त्या कळेवरचा ठिपका पुन्हा एकदा गडद करून घेतला आहे.