माळ्यावरून ओटीवर : महाड-पोलादपूरच्या घरांतला जुना ऐवज

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाड शहरात शिरल्या. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखल आणि त्यात फुगलेले प्लायवूड, भिजलेल्या गाद्या, बंद पडलेले फ्रीज यांचे ढीग उरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी गाठले. जिथे माणसेच गेली तिथे भांड्याकुंड्यांविषयी बोलायला जीभ रेटत नाही. तरीही त्या पुराने एक गोष्ट ठसठशीतपणे दाखवून दिली. तांबे, पितळ, काळा दगड आणि जुने सागवान पुरातूनही घासूनपुसून पुन्हा घरात येते. भुशाच्या फळ्यांचे फर्निचर एका रात्रीत संपते.

जुन्या वस्तूंनी घर सजवण्याची हौस आता शहरांत चांगलीच रुजली आहे. बंगल्याच्या दारात जाते, हॉटेलच्या कोपऱ्यात बंब आणि बागेत बैलगाडीचे चाक सर्रास दिसते. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार या हौसेवर चालतात. पण या बाजारांत येणारा बराच ऐवज जिथून निघतो, त्या घाटाखालच्या गावांत काय चालले आहे? महाड-पोलादपूरकडे पाहिले तर दोन प्रवाह एकाच वेळी वाहताना दिसतात. गावातली जुनी घरे मोडली जातात आणि त्यांतला ऐवज मोडीच्या भावाने जातो. त्याच गावचा माणूस मुंबई-पुण्यातल्या आपल्या घरासाठी तसाच ऐवज चढ्या भावाने विकत घेतो. माझे म्हणणे साधे आहे. जुन्या वस्तूंनी घर सजवायचे असेल तर सुरुवात आपल्याच माळ्यावरून करावी, आणि वस्तू तिच्या माहितीसकट ठेवावी.

घाटाखालचे घर

इथल्या जुन्या घराचा आराखडा पावसाने ठरवला. महाड-पोलादपूरला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वर महाबळेश्वरला तर त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून चौथरा दगडी आणि उंच, छप्पर उतरते, पडवी खोल. पुढे ओटी, मग माजघर, बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसदार. वर माळा. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर पडे आणि जाता जाता वाशांना कीड लागू देत नसे. गॅस आला, धूर थांबला, आणि बंद घरांच्या वाशांना वाळवीने ग्रासले. जुनी घरे खचण्याच्या कारणांमध्ये हेही एक आहे.

प्रत्येक जागेचा आपापला ऐवज होता. ओटीवर लोखंडी किंवा पितळी कड्यांचा झोपाळा, खुंटीला कंदील, भिंतीवर रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती. पडवीत भाताची कणगी, कोपऱ्यात घिरट, उखळ-मुसळ, आढ्याला टांगलेले इरले. माजघरात फणसाच्या लाकडाचे पाट, चिनीमातीच्या बरण्या, पायली-शेर-मापट्याची मापे. न्हाणीत बंब आणि घंगाळ. परसदारी दगडी डोणी, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ, अळू आणि कर्दळ.

या वस्तू एकेक करून निकामी का झाल्या, हेही समजून घ्यायला हवे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक वजनमापे आली आणि पायली-मापटी कोनाड्यात गेली. भाताची गिरणी आली, घिरट थांबले. प्लास्टिकचा कागद आला, इरले विणणारे हात रिकामे झाले. वीज आली आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला. एका काळाचा हा सारा सरंजाम दोन-तीन पिढ्यांत माळ्यावर जमा झाला.

नदीने आणले, घाटाने वाहिले

महाड हे एके काळचे बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते सावित्रीतून आत येत. माल इथे उतरे आणि वरंधा, पार या घाटांच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई. रायगडासारखी राजधानी उशाला असल्याने या पेठेचे महत्त्व शिवकाळापासूनचे. पुढे १७९६ मध्ये पेशवाईतल्या सत्तास्पर्धेच्या दिवसांत नाना फडणवीस महाडात येऊन राहिले, ते याच मोक्याच्या जागेमुळे.

घरावरची मंगलोरी कौलेही समुद्रमार्गानेच कोकणात पसरली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी इथे कुंभाराची नळीची कौले असत. जुने मंगलोरी कौल उलटून पाहा. कारखान्याचे नाव आणि कधीकधी सालही मातीत उमटलेले सापडते. घर पाडताना अशी कौले ट्रॉलीने भरावात टाकली जातात. त्यातली नाव-सालाची चार बाजूला काढून ठेवली, तर आपले घर साधारण कधी शाकारले याचा पुरावा हाती राहतो.

तिसरा रस्ता चाकरमान्यांचा. पोलादपूर-महाडच्या वाड्या-वस्त्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली. गणपती-शिमग्याला गावी येताना त्यांनी ट्रंका, घड्याळे, आरसे, पितळेची भांडी आणली. अनेक गावांच्या मुंबई मंडळांनी लग्नकार्यासाठी मोठाली पातेली, हंडे, परात, समया घेऊन गावकीच्या खोलीत ठेवल्या. भांड्यावर मंडळाचे नाव, कार्य संपले की भांडी मोजून परत. आता केटरर आपली भांडी घेऊन येतो आणि गावकीची भांडी अंधारात पडून राहतात. या भागातला सगळ्यांत दुर्लक्षित वारसा कुठला असे कोणी विचारले, तर मी या सामाईक भांड्यांकडे बोट दाखवीन.

भांडे वाचावे कसे

एखादे जुने तांब्याचे घंगाळ उजेडात आणून नीट पाहा. आधी बाहेरचे अंग पाहावे. ओळीने बसलेल्या लहान लहान खळग्यांवर उजेड चमकत असेल तर ते माठारकाम आहे. तांबट हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी देत जातो. त्याने पत्रा कडक होतो, भांडे ठोके सहन करते आणि रूपही खुलते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालते. मग बूड आणि पोट जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. करवतीच्या दातांसारखा जोड लागला तर ते पत्र्याचे दोन तुकडे दात एकमेकांत अडकवून, झाळून सांधलेले भांडे. यंत्रावर एका पत्र्यातून ओढलेल्या भांड्याला असा जोड नसतो.

त्यानंतर काठ. काठाखाली बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असते. बहुधा बाईचे नाव, कोणी दिले त्याचे नाव, गाव आणि तारीख. कागदोपत्री सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, अशा कित्येक बायकांचे नाव त्यांच्या लग्नातल्या भांड्यावर तेवढे राहिले आहे. कुठल्या गावाहून मुलगी आली, मामाने काय दिले, एखाद्या घरात लग्ने कोणत्या वर्षांत झाली, हे सारे भांड्यांच्या काठावरून जुळवता येते. भांडे मोडीत गेले की भट्टीत पहिल्यांदा वितळते ते हे नाव.

दिनकर गंगाधर केळकर यांनी अशा वस्तूंचे मोल फार आधी ओळखले. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, दारे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने पुण्यात उभ्या राहिलेल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच स्वयंपाकघरातला अडकित्ताही इतिहास सांगतो, हा केळकरांचा विश्वास. प्रत्येक घराने तो आपल्यापुरता आचरणात आणायला हरकत नाही.

घागर आणि जाते यांचा दुसरा इतिहास

महाडच्या घरात पितळी घागर शोभेला ठेवताना या गावाचा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ज्या घागरीला आज आपण कोपऱ्यातली शोभा म्हणतो, ती तळ्यात कोणी बुडवायची आणि कोणी नाही यावर या गावात माणसांची डोकी फुटली. जुन्या वस्तूंवर प्रेम करताना जुन्या काळाचा हा भागही मुलांना सांगायला हवा. भांडे चांगले होते, ते वापरण्याचे नियम अन्यायाचे होते.

जात्याचेही तसेच. बागेत फुलांच्या मध्ये ठेवलेले जाते देखणे दिसते, पण त्याच्या खुंट्याभोवती बायकांच्या पहाटेच्या झोपा आणि दुखरे खांदे आहेत. त्या कष्टातूनच ओवी आली. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातल्या जात्यापाशी आजी किंवा आत्या बसत असतील तर त्यांना ओवी म्हणायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. तो आवाज दगडापेक्षा आधी हरवणार आहे.

मांडणी : ओटी आणि परसदार

आता प्रत्यक्ष सजावटीकडे. पहिला नियम, वस्तू होता होईल तो वापरात ठेवावी. घंगाळ दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला काढा. एरवी ओटीवर पाणी भरून जास्वंद, अबोली, अनंताची फुले सोडा. झोपाळ्याच्या कड्यांना खोबरेल लावा आणि बसायचा झोपाळा बसण्यासाठीच टांगा. पायलीत काठ्या किंवा छत्र्या राहतात. मापटे-कोळव्यात पेन, चाव्या, विड्याचे सामान. बुरडाची रोवळी उलटी टांगून आत कमी उष्णतेचा एलईडी दिवा लावला की ओटीवर जाळीदार उजेड पडतो. नव्या रोवळीसाठी आपल्या आठवडा बाजारातल्या बुरडाकडेच जा. जुन्या कलेला जुन्या वस्तूंइतकीच नव्या गिऱ्हाइकाची गरज असते.

दुसरा नियम, वस्तू मोजक्या ठेवाव्यात. एका भिंतीला एक कंदील शोभतो, दहा लावले की दुकान होते. तांब्याशेजारी काळा दगड आणि हिरवे पान असावे. पितळेमागे पांढरी भिंत. जुनी सागवानी दारे टेबल करायला वापरली जातात. पण चौकटीवर गणेशपट्टी असेल तर ती चौकट आडवी न करता दारातच राहू द्यावी.

परसदारात दगडी वस्तू बिनधास्त ठेवाव्यात. डोणी, पाटा, जात्याची तळी यांना पावसाचे भय नाही. शेवाळ धरले तर उलट छान दिसते. लाकडी उखळ, नांगर, बैलगाडीची चाके मात्र या पावसात उघड्यावर तीन-चार पावसाळेही धड काढणार नाहीत. ती पडवीत, जमिनीपासून वर, दगडावर टेकवून ठेवावीत आणि उन्हाळ्यात जवस तेलाचा हात द्यावा. तांब्या-पितळेच्या भांड्यात झाड लावायचे असेल तर बुडाला भोक पाडू नका. कुंडीतले झाड कुंडीसकट आत ठेवा. डोणीत पाणी असेल तर आठवड्याला एकदा रिकामी करून घासा, किंवा गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो.

स्वच्छतेला चिंच, लिंबू आणि राख पुरते. मात्र नाव घातलेला काठ जोर लावून घासू नये, दरवर्षी घासून ठिपके पुसट होतात. पितळेच्या भांड्यात रांधायचे असेल तर कल्हई हवीच. नवसागर आणि कथील घेऊन बसणारा कल्हईवाला सापडला, तर सगळ्या आळीची भांडी एकदम काढा. त्याचे काम टिकले तरच आपली भांडी टिकतील.

हात लावू नये असे काही

हौसेला मर्यादाही हवी. देवळाच्या आवारातला वीरगळ, सतीशिळा, जुन्या मंदिराचा घडीव दगड, रायगडाच्या किंवा चंद्रगड-मंगळगडाच्या परिसरात सापडलेले नाणे किंवा खापर हे कोणाच्याही बागेसाठी नाही. पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे. अशा मुलखात बेवारस दिसणारा दगडही कोणाच्या तरी स्मरणाचा असू शकतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि पुरावस्तू परदेशी नेण्यास बंदी आहे. विक्रेत्याने मूर्ती किंवा शिल्प पुढे केले तर ते कुठून आले हे विचारावे. उत्तर गुळमुळीत असेल तर घेऊ नये.

या दिवाळीला गावचे बंद घर उघडाल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन कामे करा. नाव असलेले प्रत्येक भांडे बाजूला काढा आणि त्या नावाचे माणूस कोण, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून वहीत लिहा. प्रत्येक वस्तूचा एक फोटो काढा आणि ती वही, ते फोटो भावकीत सर्वांना पाठवा. मग सगळ्यांना मिळून एक-दोन वस्तू निवडू द्या, म्हणजे ऐवज घराबाहेर गेला तरी घराण्यात राहील. आणि गावकीच्या खोलीतली भांडी विकायची असा ठराव मंडळात आला, तर त्याला विरोध करायला उभे राहा.