अग्निबाणापासून गणेशखिंडीपर्यंत

कुलगुरु कोणास करावें, हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरू झालें, तेव्हां पहिले कुलगुरु झाले ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९५६ मध्यें रँग्लर परांजपे आले. ते हाडाचे प्राध्यापक खरे, परंतु मध्यंतरीं मुंबई इलाख्याचें मंत्रिपद भूषविलेले. धनंजयराव गाडगीळ तर १९६७ सालीं येथूनच नियोजन मंडळावर गेले. राज्यकारभार आणि विद्यादान यांमधील वाट अशी दोन्ही बाजूंनीं मळलेली आहे. तरीही घरोघरीं शंका निघतेच कीं, ज्यानें आयुष्य सरकारी कामांत वेंचलें, त्यास विद्यापीठाचें काय कळणार? या शंकेस डॉ. वसंतराव गोवारीकर यांचें चरित्र हें चांगलें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

१९३३ सालीं पुण्यांत जन्मलेले गोवारीकर रासायनिक अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठीं विलायतेंत बर्मिंगहॅम येथें गेले, तेथें डॉक्टर झाले, आणि पुढें हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रांत काम करूं लागले. तेथेंच राहते तर संसार सुखाचा झाला असता. परंतु १९६७ सालीं विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते केरळांत थुंबा येथें आले. अग्निबाण चढतो तो इंधनाच्या बळावर. आणि त्याचें घनरूप इंधन सिद्ध करण्याची विद्या कोणतेंही राष्ट्र दुसऱ्याच्या हातीं सहज देत नाहीं. ती येथेंच निर्माण करण्याचें काम गोवारीकरांनीं अंगावर घेतलें.

१९७९ सालीं ते तेथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षीं १० ऑगस्ट रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेला एस्. एल्. व्ही. ३ हा चार टप्प्यांचा अग्निबाण बंगालच्या उपसागरांत कोसळला. दुसऱ्या टप्प्यांतील एक झडप नीट मिटली नाहीं व तींतून आम्ल गळून गेलें, एवढेंच निमित्त! दोष शोधला गेला, आणि वर्ष भरण्याच्या आंत, १८ जुलै १९८० रोजीं, तसाच अग्निबाण ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह घेऊन वर गेला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. चारही टप्प्यांचें इंधन घनरूपच होतें.

१९८६ पासून ते दिल्लीस विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव होते. त्या काळांत हवामान खात्यांतील शास्त्रज्ञांसह त्यांनीं पावसाच्या भाकिताची नवी पद्धत बसविली. हिमालयावरील बर्फ, दूरच्या समुद्राची उष्णता, ठिकठिकाणचा वायुभार अशा सोळा खुणांवरून मोसमी पावसाचा अंदाज बांधावयाचा. १९८८ पासून ती चालली. २००२ च्या जुलैंत मात्र देशांत सुमारें निम्माच पाऊस झाला. भाकित चुकलें, आणि पुढल्या वर्षीं ती पद्धत बदलण्यांत आली. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. जें उघडपणें सांगितलें जातें, तेंच उघडपणें तपासतां येतें.

असा मनुष्य १९९५ ते १९९८ हीं तीन वर्षें गणेशखिंडींत कुलगुरु होता. आमचा मुद्दा हाच. अग्निबाणांतील चूक कांहीं क्षणांत दिसते, पावसाच्या भाकितांतील चार महिन्यांत. विद्यापीठाची चूक दिसावयास वीस वर्षें लागतात, आणि तोंवर चूक करणारे सेवानिवृत्त झालेले असतात. म्हणून त्या आसनावर परीक्षा देण्याची संवय असलेला पुरुष बसावा. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकविण्यांत जन्म गेलेला अधिकारी आम्हांसही नको; परंतु सर्वच सरकारी सेवा तशी नसते.

निवृत्तीनंतरही गोवारीकर स्वस्थ बसले नाहींत. मराठी विज्ञान परिषदेचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें, आणि २००९ सालीं, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, सहकाऱ्यांसह खतांचा विश्वकोश प्रसिद्ध केला. २ जानेवारी २०१५ रोजीं ते पुण्यांतच निवर्तले.

आपल्या घरांतील मुलें सरकारी सेवेंत जावोत वा अध्यापनांत. वडीलधाऱ्यांनीं त्यांस पगार व पद विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, बाबांनो, तुमचें काम तपासतो कोण?